हिराबायचा अर्धपोटी कान

आमच्या व्यवसायात पेशंटवर चिडायची परवानगी नाही. कानात यंत्र बसवलेल्या माणसाला पुन्हा ऐकायला शिकवणारी बाई हसतमुख असावी, एकच वाक्य दहा वेळा त्याच सुरात म्हणणारी असावी, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या शिक्षकांचीही होती. बेलापूरच्या क्लिनिकमध्ये मी नऊ वर्षं ऑडिओलॉजिस्ट म्हणून काढली. त्यातली आठ वर्षं मी बहुतेक तशीच होते. उरलेलं एक वर्ष हिराबाय घरत यांच्या खात्यावर टाकायला हवं.

केसपेपरवर नाव हिराबाई नामदेव घरत, वय एकसष्ट, राहणार उरण. गावात हिराबाय आणि त्यांच्या खानावळीत जेवणाऱ्या सगळ्या ट्रेलरवाल्यांच्या त्या मावशी. मीही त्यांना मावशीच म्हणायचे. उंच, काटक बाई, पदर कायम कमरेला खोचलेला. खुर्चीत बसल्या तरी आता उठतील असं वाटायचं. समोरच्याकडे बघायची त्यांची एक पद्धत होती. आधी ओठांकडे, मग हातांकडे आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांकडे. आठ वर्षं ठार बहिरं राहिल्यावर ही सवय लागते.

आठ वर्षांपूर्वी त्यांना कसलासा मोठा ताप आला, जबर इंजेक्शनं झाली, जीव वाचला आणि कान गेले. साधी कानातली मशिनं लावून झाली, त्यांचा उपयोग शून्य. शेवटी मुलानं हे ऑपरेशन करून घेतलं. यात कानामागच्या हाडातून आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात एक बारीक तार सरकवतात. तारेवर बावीस ठिकाणं असतात आणि प्रत्येक ठिकाण वेगवेगळ्या पट्टीचा आवाज मेंदूला पोचवतं. बाहेर कानामागे एक यंत्र बसतं, आणि त्याला जोडलेली चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटते. जखम भरली की महिन्याभरानं यंत्र चालू करायचं, आणि तिथून पुढे पेशंट आमच्या ताब्यात येतो.

यंत्र चालू करायच्या दिवशी घरचे लोक मोबाइल काढून तयार असतात. सगळ्यांनी ते व्हिडिओ पाहिलेले असतात. बहिऱ्या माणसाला पहिला आवाज ऐकू येतो, तो रडतो, घरचे रडतात, डॉक्टर हसतात. मावशींचा मुलगा अनंता बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. तोही मोबाइल धरून उभा राहिला. मी यंत्र चालू केलं आणि त्याला खूण केली. तो म्हणाला, "आई."

मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्ये काय? पत्र्याच्या डब्यान खडं हलवतं कोन?"

अनंतानं पुन्हा आई म्हणून पाहिलं, सुनेनं म्हणून पाहिलं. खडेच. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते व्हिडिओत घेण्यासारखं नव्हतं. अनंतानं मोबाइल खिशात टाकला. मी पाटीवर लिहून समजावलं की मेंदूला या नव्या आवाजाची सवय व्हावी लागते, खड्यांचे हळूहळू शब्द होतात. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि विचारलं, किती दिवस? मी लिहिलं, सहा महिने. त्यांनी मुलाकडे बघून एक पंजा आणि वर एक बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. मायलेकांत आधीच काहीतरी ठरलेलं होतं.

काय ठरलं होतं ते पुढच्या खेपेला कळलं. सरकारनं शेत घेतलं, त्याच्या मोबदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यायच्या योजनेतून जो प्लॉट मिळाला तो नवऱ्यामागे मावशींच्या नावावर झाला, आणि त्या प्लॉटवर पत्र्याची शेड टाकून त्यांनी खानावळ काढली. बंदराकडे जाणारा रस्ता समोर. तांदळाची भाकरी, सुकट, बोंबलाचं कालवण आणि मासे न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं. वीस वर्षं त्या दारातल्या टेबलामागे उभ्या राहिल्या. कोण पंजाबचा, कोण आझमगडचा, कुणाला तिखट चालत नाही, कुणाची बायको बाळंत झाली, सगळं तोंडपाठ. कान गेले आणि त्यांना मागे चुलीपाशी जावं लागलं. पुढे ठेवलेल्या नोकराला ना माणसं ओळखू येत, ना वाढायचा उरक. गिऱ्हाईक तुटलं. आता एका ट्रान्सपोर्टवाल्याला ती जागा ऑफिससाठी भाड्यानं हवी होती. अनंतानं आईला शब्द दिला होता: सहा महिन्यांनी मॅडम रिपोर्ट देतील. रिपोर्ट चांगला आला तर तू परत पुढे उभी राहा, खानावळ चालू. नाही आला तर जागा द्यायची.

मावशींनी मला हे सगळं सांगितलं आणि माझा हात धरला. मी पाटीवर लिहिलं, होईल मावशी. आमच्या शिक्षणात हे दोन शब्द लिहू नका असं बजावून सांगितलेलं असतं.

मावशी दर खेपेला घरच्या कुणाबरोबर तरी तासभर आधी यायच्या आणि येताना डबा आणायच्या. आमचा बाहेरचा कॉरिडॉर सुकटीच्या वासानं भरायचा आणि शेजारच्या ऑफिसातले वकील दार लावून घ्यायचे. वॉचमन, रिसेप्शनवरची मुलगी, मी, कुणाची सुटका नव्हती. नको म्हणा, हात आडवा धरा, उपास सांगा, तोवर ताटलीत भाकरी पडलेली असायची. मी देशावरची, मासे खाणं मला करंजाड्यात राहायला आल्यावर जमलं, पण सुकट मी मावशींच्या हातून खाल्ली ती पहिली.

चाचणीला बसल्या की मात्र त्या माझ्याशी भांडायच्या. ध्वनिमुद्रित शब्द लावायचे आणि पेशंटनं ऐकलेला शब्द परत म्हणायचा, एवढं साधं काम. मावशींना एखादा शब्द पसंत पडला नाही तर त्या म्हणायच्याच नाहीत. ‘क्षितिज’ लागलं तेव्हा त्यांनी मला विचारलं की असं कोण बोलतं. मी पाटीवर लिहिलं, पुस्तकात असतं. तर म्हणाल्या, मी पुस्तकाला कुठे जेवायला वाढते? त्या वेळी मला हसू आलं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अशाच उत्तरांनी माझं डोकं दुखायला लागलं.

घरीही त्या यंत्राची आणि त्यांची रोज झटापट चाले. चकती डोक्यावरून निसटायची. एकदा त्या वाकल्या तेव्हा ती सांडशीला जाऊन चिकटली आणि कालवणाच्या टोपात पडता पडता वाचली. मग त्यांनी ती केसांच्या पिनांनी जखडली आणि वर पदर घट्ट घेतला, आणि मला दटावून सांगितलं की तुमच्या कंपनीला कळवा, बायका वाकून कामं करतात. मी कळवलं. उत्तर आलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण माझं पाप तिथे आहे.

तारेवरच्या बावीस ठिकाणांना वीज किती द्यायची हे पेशंटला विचारून ठरवावं लागतं. मी एका ठिकाणाचा आवाज अगदी बारीक सुरू करते आणि पायरी पायरीनं चढवत नेते. ऐकू येऊ लागलं की पेशंटनं सांगायचं, आणि मोठा झाला, पण सोसवतोय, अशा जागी पुन्हा सांगायचं. त्या वरच्या जागेवर सगळा खेळ असतो. ती खाली राहिली तर जग लांबून, पडद्याआडून ऐकू येतं. याला मॅपिंग म्हणतात. सांगायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे एक तक्ता असतो, त्यावर झोपलेल्या चेहऱ्यापासून कान झाकलेल्या चेहऱ्यापर्यंत चित्रं असतात. मावशींनी तक्ता बघितला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"मी काय बालवारीतली पोर हाय? मोटा झाला का मी पुरे बोलंन. तू थांब."

मला हे सोयीचं वाटलं. मी आवाज चढवायचे, मावशी डोळे मिटून ताठ बसायच्या आणि एका जागी उजवा हात आडवा करून म्हणायच्या, पुरे. मी तिथे थांबायचे. थांबायचे कसलं, पेशंटला त्रास नको म्हणून एक पायरी खालीच यायचे. बावीसच्या बावीस ठिकाणी असं. काम झटपट व्हायचं. इतर पेशंट दोन आवाजांमध्ये पंधरा मिनिटं घोळ घालतात. मावशी माझ्या सगळ्यात पक्क्या पेशंट आहेत असं मी सहकाऱ्यांना सांगितल्याचंही आठवतं.

आणि तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. खडे गेले, शब्द झाले, पण सगळं लांबून. "घराच्या मागल्या अंगाला कोनतरी बोलतं तसा येतं," असं त्या दर खेपेला सांगायच्या. मी विचारायचे, आवाज अजून मोठा करू का? त्या लगेच म्हणायच्या, नको नको, बरा हाय. मग तक्रार कसली, असं मी विचारलं की म्हणायच्या, तक्रार नाय, पन आयकू येत नाय. या गोल फिरणाऱ्या संभाषणानं मला वेड लागायची पाळी आली.

मी वायर बदलली. चकती बदलली. यंत्र कंपनीकडे पाठवून तपासून आणलं. आतल्या तारेची कॉम्प्युटरवर मोजणी केली. ती म्हणत होती, वीज थोडी जास्त लागेल. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत मोजणीपेक्षा त्याच्या तोंडचा शब्द खरा धरावा, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. पुण्याच्या माझ्या सरांना लिहिलं, त्यांनीही तेच कळवलं. मग मी घरच्यांवर घसरले. सून सराव घेत नसेल, मावशी यंत्र काढून ठेवत असतील. यंत्रात किती तास वापरलं याची नोंद असते. ती काढली, तर रोजचे चौदा तास. म्हणजे बाई पहाटे चुलीपाशी जाण्याआधी यंत्र लावत होती आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर काढत होती. सून ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास शब्द वाचून दाखवत होती. दोष द्यायला कुणी उरलं नाही, आणि माझा राग आणखी वाढला.

पाचव्या महिन्यात आमचं भांडण झालं. त्या दिवशी शब्दांची यादी निम्मीही झाली नव्हती. मावशींनी यंत्र कानामागून उपसून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ह्ये घे तुजं. यंत्र काढलं म्हणजे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी मोठ्यानं म्हणाले, "नका येऊ मग. मलाही कंटाळा आलाय तुमचा."

मावशी माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी सावकाश यंत्र उचललं, कानामागे बसवलं, चकती जागेवर लावली, पिना खोचल्या.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "काय बोललीस ता परत बोल."

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनीच यादीवर बोट ठेवलं आणि आम्ही राहिलेले शब्द पुरे केले. जाताना त्यांनी डब्यातली भाकरी ठेवली, पण त्या दिवशी मला खायचा आग्रह केला नाही. मला त्याची फार लाज वाटली. आजही वाटते.

सहा महिन्यांची चाचणी झाली. मावशी नवी साडी नेसून आल्या होत्या. निम्म्याहून कमी शब्द बरोबर आले, आणि पंखा लावून घेतलेल्या चाचणीत तर फारच थोडे. अनंता समोर बसला होता. मुलगा वाईट नव्हता. थकलेला होता. त्यानं मला सरळ विचारलं, "मॅडम, एकच सांगा. आईला पुढे गिऱ्हाइकात उभी करू शकतो का? हो की नाय?"

मी म्हटलं, आत्ता तरी नाही. रिपोर्टात लिहिलं, मर्यादित फायदा. खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. मावशी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या. अनंतानं रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाला, ठीके, क्लिअर झालं. मग आईच्या पाठीवर हात ठेवून त्यानं तिला उठवलं.

करार अकरा महिन्यांचा झाला. मावशींना रजिस्ट्रेशनला नेलं होतं. जागा त्यांच्या नावावर म्हणून सही त्यांची. त्यांनी नंतर सांगितलं, चार माणसं चार बाजूंनी बोलत होती, एकाचंही नीट ऐकू येईना, कुणीतरी जागा दाखवली आणि मी तिथे नाव लिहिलं.

खानावळ बंद व्हायच्या आदल्या रविवारी त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावलं, आणि मलाही. जायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझ्याच रिपोर्टानं बंद पडणाऱ्या खानावळीत जाऊन कालवण खायचं! पण न जाण्यासारखं तोंडही नव्हतं. करंजाड्याहून स्कूटर काढली आणि गेले.

शेड भरलेली होती. त्या दिवशी मावशी कुणाचं न ऐकता पुढे आल्या होत्या आणि स्वतः वाढत होत्या. मी लांबच्या बाकावर बसले. माझ्यासमोर एक दांडगा सरदारजी ड्रायव्हर जेवत होता. मावशी भात घेऊन आल्या. त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, बस बस म्हणाला. मावशींनी त्याच्या बोटांच्या फटीतून मोठा डाव भात घातला. तो हसला आणि कालवणाची वाटी पुढे केली. मग त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, पुरे, मावशी. त्यांनी वाढलं. मी हात आडवा केला, खरंच पुरे. त्यांनी पुन्हा वाढलं.

मी जरा चिडूनच पाटी म्हणून वापरायची वही काढली आणि लिहिलं, पुरे म्हटल्यावर थांबायचं नसतं का?

मावशींनी वाचलं आणि माझी कीव केल्यासारखं बघितलं.

"पुरे बोल्ला म्हनून कोन थांबतं? मानूस पुरे अर्ध्या पोटावरच बोलतं. वाढनाऱ्यानं वलखाचं असतं."

मी हातातला घास खाली ठेवला. एकेक खेप डोळ्यांसमोर यायला लागली. डोळे मिटून ताठ बसलेली बाई. बेताच्या जागी आडवा होणारा हात. ‘नको नको, बरा हाय.’ ही बाई सहा महिने माझ्या पंगतीला बसली होती. चांगल्या घरची बाई पानावर बसल्यावर जसं वागते तशी वागली होती, आणि मी शिकलेली वाढपी तिच्या पहिल्या नकाराला भांडं घेऊन पुढच्या पानावर जात होते. वर एक पायरी कमीही करत होते! दर आठवड्याला माझ्या ताटलीत आग्रहानं भाकरी पडत होती, आणि मी पुण्याला पत्र लिहून उत्तर विचारत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सहा महिने घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलावून घेतलं. तो उलटा करून ठेवलेला तक्ता सुलटा केला. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे जेवण नाही. लाजायचं नाही. सहन होईनासं झालं की मगच हात करा. मावशींनी वाचलं, पुन्हा वाचलं. मी पहिल्या ठिकाणाचा आवाज चढवला. नेहमीची जागा आली तेव्हा त्यांचा हात सवयीनं उठला. मी मान हलवली आणि आणखी चढवला. आणखी. त्यांच्या पापण्या हलल्या. आणखी चार पायऱ्या वर गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी कानावर हात नेला. बावीस ठिकाणं झाली. मी सगळी एकदम चालू केली आणि तोंडापुढे कागद धरून, ओठ झाकून, साध्या आवाजात विचारलं, "मावशी, कालवणात चिंच घालता की कोकम?"

"चिंच," त्या म्हणाल्या. मग त्यांना समजलं, आणि त्यांना जो राग आला तो मी विसरणार नाही.

"सा महिनं मना अर्धपोटी ठेवलंस तू."

"तुम्हीच पुरे म्हणत होतात, मावशी."

"मंग काय करू? परक्याच्या घरान हावरी म्हनून घेवू?"

त्यांना रडू फुटलं, मलाही आलं. त्यात आनंद फार थोडा होता. आम्ही दोघी एकमेकींवर मनापासून चिडलो होतो.

तीन आठवड्यांनी चाचणी घेतली. पंख्याच्या आवाजातही बहुतेक शब्द बरोबर आले. मी नवा रिपोर्ट केला, चूक माझी होती हे त्यात लिहिलं आणि अनंताला फोन लावला. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, बरं झालं मॅडम, आईसाठी चांगलंच झालं, पण आता अॅग्रीमेंट झालंय. शेडच्या भिंती पाडून काचेचं पार्टिशनपण बसलं. पुढच्या वर्षी बघू. मी रिपोर्टची प्रत पाठवली. ती पोचली की नाही ते त्यानं कळवलं नाही.

मावशी घरी बसल्या. बसणं त्यांना येत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी यंत्राच्या तपासणीला यायच्या तेव्हा सांगायच्या की घरी सगळे अजून त्यांच्यासमोर त्या नसल्यासारखं बोलतात, आठ वर्षांची सवय. आईला विचारायला नको, आईला काय कळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मग कळलं, यंत्र ठीक आहे. मी म्हटलं, तुम्ही बोलत का नाही मग? त्या म्हणाल्या, आधी सगलं आयकून घेते. आठ वर्सांचं बाकी हाय. हे त्या हसून म्हणाल्या, पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही.

त्या शेवटच्या आल्या ते दुपारचं. करार संपायला तीन आठवडे होते. त्याच महिनाअखेरीला मी ते क्लिनिक सोडणार होते, आणि त्यांची फाइल दुसऱ्या मॅडमकडे जाणार हे सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होते. मावशी एकट्या आल्या होत्या, आजवर प्रथमच. डबा नव्हता. पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "फोनवर बोलाचं शिकव. आता, लगेच."

फोन हा सगळ्यात अवघड धडा. ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत. मी त्यांना सांगितलं की याला चार-पाच खेपा लागतील. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मी त्यांचा मोबाइल यंत्राला जोडून दिला, म्हणजे पलीकडचा आवाज खोलीत न येता थेट त्यांच्या कानात जाईल. बाहेरच्या खोलीत जाऊन मी दोनदा त्यांना फोन केला, आकडे म्हटले, वारांची नावं म्हटली. त्यांनी बरोबर सांगितली. मी परत येईपर्यंत त्यांनी पिशवीतल्या एका चिठ्ठीवरचा नंबर लावलाही होता.

"ट्रान्सपोर्टवाला," त्या मला म्हणाल्या.

मी समोर बसले. फोन उचलला गेला. मावशींनी नाव सांगितलं, प्लॉट सांगितला, पुढचा करार करायचा नाही, जागा रिकामी करून पाहिजे, असं सांगितलं. मग ऐकू लागल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षं मी त्या खोलीत बसले, पण खोलीत बहिरी मी आणि ऐकणारा समोरचा, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. कपाळ आकसलं. त्या म्हणाल्या, हलू बोला, परत सांगा. परत ऐकलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मदत करावी म्हणून मी फोनसाठी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोलतो, मुलाला द्या फोन."

मी म्हटलं, कदाचित नीट ऐकू आलं नसेल, फोनवर होतं असं सुरुवातीला. मावशींनी मान हलवली. अगदी नीट आलं, म्हणाल्या. तीनदा तेच बोलला. आवाज साफ होता. एवढं साफ तर अजून एकदाही आलं नव्हतं.

त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि तोच नंबर पुन्हा लावला. या खेपेला त्या उभ्या राहून बोलल्या.

"मुलगा नाय इथं. सही माजी लागते ना? मंग माज्याशी बोल. मना आयकू येतं."

आणि त्या ऐकू लागल्या. कसल्या तरी लांबलचक बोलण्याला त्या हं हं करत नव्हत्या, मान डोलवत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. माझा पुढचा पेशंट बाहेर येऊन बसला होता आणि त्याची बायको दारातून डोकावत होती. मी उठले, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि त्यांना सांगितलं की थांबावं लागेल, आत एक बाई फोनवर बोलतायत.